हलके विमान, कारखाना आणि कारागिराचा हात : स्टॅग लेन येथील ‘मॉथ’ विमानांच्या निर्मितीचा विचार (१९२५–१९३४)

१. प्रश्नाचे स्वरूप

औद्योगिक इतिहासाच्या लेखनात ‘कारखाना’ आणि ‘कारागिरी’ हे दोन शब्द बहुधा परस्परविरोधी अर्थाने योजिले जातात. यंत्र आले, श्रमविभागणी झाली, हाताचे कौशल्य निरुपयोगी ठरले आणि कारागिराचा मजूर झाला, असा एक सरळ क्रम गृहीत धरण्यात येतो. कापडगिरण्यांपुरता तो पुष्कळ अंशी खरा आहे. १९१३ साली हेन्री फोर्डने हायलंड पार्क येथे सरकत्या साखळीवर मोटारी जुळविण्यास आरंभ केल्यानंतर तर हाच क्रम सर्व यंत्रनिर्मितीचा नियम आहे, अशी समजूत रूढ झाली. याच समजुतीच्या आधारे, १९२५ नंतर सामान्य नागरिकाला परवडू शकेल असे जे हलके विमान इंग्लंडमध्ये निघाले, त्यालाही ‘आकाशातील फोर्ड’ मानण्याकडे अनेकांचा कल असतो.

परंतु ज्या कारखान्यात हे विमान तयार झाले, तेथील कामाची पद्धत पाहू गेल्यास ही उपमा टिकत नाही. लंडनच्या वायव्येस एज्वेअरजवळ स्टॅग लेन येथे डी हॅविलंड कंपनीने जी ‘मॉथ’ विमाने बांधली, त्यांचा बहुतेक सर्व भाग रंधा, पटाशी, कानस, सुई आणि कुंचला या साधनांनी तयार झाला होता. विमान कारखान्यातच घडत होते, श्रमविभागणी होती, तपासणीची कडक यंत्रणा होती. तथापि मूळ क्रिया हाताच्याच होत्या. असे का झाले, स्वस्ताई मग कोठून आली, आणि या पद्धतीचे परिणाम कारखान्याबाहेर, विशेषतः हिंदुस्थानासारख्या दूरच्या देशांत, काय झाले, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२. पूर्वपीठिका

जेफ्री डी हॅविलंड (१८८२–१९६५) याने आपले पहिले विमान आजोबांनी दिलेल्या १,००० पौंडांच्या बळावर, फ्रँक हर्ल या मित्राच्या साहाय्याने बांधले. पंखांचे कापड त्याच्या पत्नीने हातयंत्रावर शिवले होते. हे विमान १९०९ च्या अखेरीस पहिल्याच प्रयत्नात मोडले. त्याच इंजिनावर बांधलेले दुसरे विमान १९१० साली उडाले. एक आरेखक, एक यंत्रज्ञ आणि एक शिवणकाम जाणणारी स्त्री, एवढ्या मनुष्यबळावर विमान होऊ शकत होते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे वाढलेल्या कारखान्यातील सुतारशाळा, यंत्रशाळा व कापडशाळा ही मूलतः याच तीन कामांची विस्तारित रूपे होत.

पहिल्या महायुद्धात विमानांची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा ब्रिटिश शासनाने विमानांची कामे लाकूडकाम करणाऱ्या नाना उद्योगांकडे सोपविली. खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हाय विकम या गावातील सुतारही विमानांचे भाग बनवू लागले. याचा अर्थ असा की, विमाननिर्मितीसाठी लागणारे मनुष्यबळ मोटार-कारखान्यांतून जितके आले, तितकेच फर्निचरच्या धंद्यातून आले. युद्ध संपताच मागणी कोसळली. डी हॅविलंड ज्या एअरको कंपनीत मुख्य आरेखक होता, ती विकली गेली, आणि सप्टेंबर १९२० मध्ये त्याने स्टॅग लेन येथे आपली स्वतंत्र कंपनी स्थापन केली.

३. ‘मॉथ’ची रचना आणि तिची स्वस्ताई

१९२३ साली लिम्प्न येथे अगदी लहान इंजिनांच्या विमानांच्या स्पर्धा झाल्या. त्यांसाठी डी हॅविलंडने बांधलेले ‘हमिंग बर्ड’ हे एका माणसाचे विमान खर्चाने कमी असले, तरी त्याची शक्ती इतकी तुटपुंजी होती की शिक्षणाच्या कामी त्याचा उपयोग नव्हता. याउलट लष्करातून उरलेली विमाने मोठी, खर्चिक व जुनाट होती. या दोहोंच्या मधले, शिक्षक आणि विद्यार्थी अशा दोघांना नेणारे विमान हवे होते. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी डी हॅविलंडने स्वतः उडविलेले ‘डी. एच. ६०’ म्हणजेच ‘मॉथ’ हे त्या गरजेचे उत्तर होते.

या विमानाची स्वस्ताई पहिल्याने इंजिनात होती. महायुद्धातून रेनो कंपनीची आठ सिलिंडरांची इंजिने मोठ्या संख्येने शिल्लक राहिली होती व ती अल्प किंमतीत मिळत. फ्रँक हाल्फोर्ड या अभियंत्याने त्यातील चार सिलिंडरांची एकच रांग घेऊन, नव्या पेटीवर बसवून, सुमारे ६० अश्वशक्तीचे ‘सिरस’ इंजिन सिद्ध केले. म्हणजे पहिल्या मॉथच्या अल्प किंमतीमागे नव्या उत्पादनपद्धतीपेक्षा युद्धाच्या अवशेषांचा वाटा मोठा होता. हा साठा आटू लागला तेव्हा हाल्फोर्डनेच कंपनीसाठी सर्वस्वी नवे ‘जिप्सी’ इंजिन आखले, आणि १९२८ पासून ‘जिप्सी मॉथ’ बाजारात आली.

स्वस्ताईचे दुसरे कारण शासकीय होते. १९२५ साली ब्रिटिश हवाईखात्याने लंडन, लँकेशायर, न्यूकॅसल, यॉर्कशायर आणि मिडलंड्स येथील पाच विमान-मंडळांना अनुदान देऊन त्यांच्यासाठी मॉथ विमाने निवडली. नागरी विमानवाहतुकीचे संचालक सर सेफ्टन ब्रँकर यांनी या योजनेचा पाठपुरावा केला. त्यामुळे कंपनीला निश्चित अशी प्रारंभिक मागणी मिळाली. आरंभी विमानाची किंमत ८८५ पौंड होती. जिप्सी मॉथच्या काळात ती ६५० पौंडांवर आली.

तिसरे कारण रचनेतील साधेपणा. मॉथचा सांगाडा म्हणजे चार लांब चौकोनी लाकडी दांड्यांना आडवे-उभे दांडे जोडून केलेली पेटी असून, तिच्या बाजू प्लायवुडच्या होत्या. पेटीच्या आत ताणलेल्या तारांचे जाळे लागत नसल्यामुळे तारा जुळविण्याचे वेळखाऊ काम पुष्कळ वाचले. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी बसविली होती. त्यामुळे पेट्रोल उंचीवरून आपोआप इंजिनाकडे उतरे व पंपाची गरज राहत नसे. पंख मागे दुमडता येत, आणि दुमडलेले विमान सुमारे १० फूट रुंदीच्या जागेत मावे. सारांश, काम यंत्राकडे देऊन खर्च वाचविण्यापेक्षा काही कामे मुळातच अनावश्यक करून तो वाचविलेला दिसतो. जी कामे उरली, ती हाताचीच राहिली.

४. सुतारशाळा

या काळच्या लाकडी विमानांचे मुख्य द्रव्य म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढणारा सिट्का स्प्रूस हा वृक्ष. वजनाच्या मानाने याचे लाकूड अत्यंत बळकट, उंच वाढीमुळे गाठी कमी, आणि नस सरळ. परंतु प्रत्येक फळी वेगळी असते, ही लाकडाची प्रकृती कोणत्याही यंत्राला बदलता आली नाही. म्हणून निवड हीच निर्मितीची पहिली आणि सर्वांत जबाबदारीची पायरी ठरली. पंखाच्या तुळईसाठी घ्यावयाच्या फळीची नस १५ इंच लांबीत एका इंचापेक्षा अधिक तिरपी जाता कामा नये, वार्षिक कडी दाट असली पाहिजेत, डिंकाचे कप्पे किंवा चिरा असू नयेत, असे दंडक होते. फळी भट्टीत ठराविक ओलाव्यापर्यंत वाळविली जाई. मग तिचे नमुने तोडून तपासले जात. दंडक कागदावर होते खरे. पण फळीच्या पृष्ठावर शाईचा थेंब कसा पसरतो यावरून नसेची खरी दिशा ओळखणे, किंवा ढलपी काढून ती कोणत्या बाजूस फाटते ते पाहणे, ही अनुभवाचीच कामे होती.

यंत्रे सुतारशाळेत नव्हती असे नाही. करवतयंत्र, रंधायंत्र आणि तुळईच्या दोन्ही अंगांनी खाच पाडून तिला इंग्रजी ‘आय’ अक्षराचा छेद देणारे यंत्र, ही तेथे होती. मात्र यंत्र जेथे थांबे, तेथून हाताचे काम सुरू होई. लोखंडी बैठकी जेथे बसावयाच्या, तेथे तुळई पूर्ण जाडीची ठेवून खाचेचा उतार पटाशीने मिळता करावा लागे. उतार एकदम तोडला, तर त्याच रेषेत ताण एकवटून तुळई तडकण्याचे भय असे.

पंखाच्या फासळ्या हे या पद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण होय. एका जाड पाटावर फासळीचा पूर्णाकृती आराखडा काढून, त्याच्या कडेने लाकडी ठोकळे बसवीत. बारीक पट्ट्या त्या ठोकळ्यांच्या मध्ये वाकवून बसवावयाच्या, आडव्या काड्या जागच्या जागी ठेवावयाच्या, सांध्यावर प्लायवुडचे लहान तुकडे सरसाने चिकटवावयाचे आणि बारीक खिळ्यांनी दाबून धरावयाचे. साच्यामुळे प्रत्येक फासळी दुसरीसारखी होई, आणि शिकाऊ मुलालाही ती करता येई. येथे साच्याने कामगाराचा निर्णय काढून घेतला, पण हात काढून घेतला नाही. फासळी चांगली झाली की वाईट, हे अखेर सरस नीट पसरला की नाही यावर अवलंबून असे, आणि ते वरून दिसत नसे.

सरसाचे महत्त्व येथेच स्पष्ट होते. त्या काळी मुख्यतः दुधातील केसीनपासून केलेला सरस वापरीत. त्याची पूड थंड पाण्यात कालवून काही वेळ मुरू द्यावी लागे, आणि कालविलेला सरस काही तासांतच वापरून संपवावा लागे. दाट झालेल्या सरसात पाणी घालून तो पुन्हा वापरणे हा मोठा दोष मानला जाई. प्रत्येक घाण्याबरोबर नमुन्याचे सांधे करून ते मोडून पाहत. सांधा सरसात न सुटता लाकडात फाटला, तरच घाणा उत्तम. या सरसाचा मोठा दोष असा की दमट हवेत त्याला बुरशी लागे व सांधे सैल होत. १९३७ साली नॉर्मन डी ब्रॉयन याने केंब्रिजजवळ ‘एरोलाइट’ हा कृत्रिम राळेचा सरस सिद्ध केला, तेव्हा कुठे यावर खरा उपाय निघाला. पण मॉथच्या निर्मितीचा बहुतेक काळ त्यापूर्वीच सरला होता.

प्रोपेलरची गोष्टही अशीच आहे. कठीण लाकडाच्या अनेक फळ्या पायऱ्यांसारख्या एकावर एक सरसाने चिकटवून त्याचा ठोकळा करीत आणि तो हातरंध्याने उतरवीत आणीत. ठराविक अंतरांवर पत्र्याचे फर्मे लावून वक्रता पाहिली जाई. शेवटी प्रोपेलर एका आडव्या दांड्यावर टांगून तोल पाहत. एखादे पाते जड ठरले, तर वार्निशाच्या एखाद्या जादा हाताने दुसऱ्याचे वजन वाढवून तोल साधला जाई. इंजिनाच्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूची अचूकता कुंचल्याच्या एका फटकाऱ्यावर अवलंबून असावी, ही बाब या तंत्राचे स्वरूप स्पष्ट करण्यास पुरेशी आहे.

५. कापडशाळा

पंख व शेपूट यांवर ताणलेले कापड हे अळशीच्या धाग्यांचे, चौरस यार्डाला सुमारे चार औंस वजनाचे असे. या शाळेत प्रामुख्याने स्त्रिया काम करीत. कापडाच्या पट्ट्या शिवणयंत्रावर दुहेरी दुमडीने जोडून पंखाच्या मापाची खोळ तयार होई. ती सांगाड्यावर चढवून मागची कड मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवीत. त्यानंतर प्रत्येक फासळीवर लांब सुई आरपार घालून कापड फासळीला बांधण्याचे काम असे. दोन गाठींमधील अंतर सामान्यतः तीन इंच, आणि प्रोपेलरच्या झोताखाली येणाऱ्या भागात त्याहून कमी. उडताना वरच्या पृष्ठावरील हवा कापडाला वर खेचीत असते; म्हणून पंखाचा आकार टिकणे हे शब्दशः या गाठींवर अवलंबून असे. टाक्यांवरून दातेरी कडांची पट्टी चिकटविली की पंख लेपासाठी तयार होई.

लेप म्हणजे सेल्युलोजचे द्रावण. ते वाळताना आक्रसते, आणि सैल कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते. पहिले हात कुंचल्याने कापडाच्या धाग्यांत मुरवावे लागत. त्यावर सूर्यकिरणांपासून कापडाचे रक्षण करणारे रंगीत किंवा ॲल्युमिनियमयुक्त हात देत. खोलीतील हवा उबदार व कोरडी ठेवणे आवश्यक असे. दमट हवेत लेप पांढुरका पडून त्याचे बळ जाई. लेप कमी झाला तर कापड फडफडते; अधिक झाला तर पंखाची मागची कडच आत वाकते. कोठे थांबावे हे काम करणाऱ्या स्त्रीच्या बोटांना समजत असे.

या कौशल्याची किंमत नेहमीच पैशाने मोजली गेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत लेपातील टेट्राक्लोरोइथेन या द्रावकामुळे इंग्लंडमधील विमान-कारखान्यांत काम करणाऱ्यांना विषारी कावीळ झाली व त्यात काहींचा अंत झाला. त्यानंतर तो द्रावक काढून टाकण्यात आला आणि लेपाच्या खोल्यांत हवा खेळती ठेवण्याचे नियम झाले. स्टॅग लेनच्या कापडशाळेतील व्यवस्था ही अशा रीतीने आधीच्या पिढीतील कामगारांच्या जिवावर उभी होती. हस्तकौशल्याचे गुणगान करताना त्याची ही बाजू दृष्टीआड करता येत नाही.

६. जोडणी आणि तपासणी

लाकडी भाग एकमेकांस जोडणाऱ्या पोलादी बैठकी पत्र्यातून कापून, साच्यातून भोके पाडून, कानशीने कडा घासून तयार होत. इंजिनावरील ॲल्युमिनियमची झाकणे ठोकून आकारास आणीत. अखेरीस जोडणीच्या दालनात पेटी समपातळीत उभी करून पंख बसवीत. दोन्ही पंखांचा वर उचललेला कोन आणि हवेस सामोरा जाणारा कोन ओळंबा, दोरी, सरळ पट्टी व कोनमापक यांनी पाहत, आणि ताणाच्या तारा दोन्ही टोकांच्या आट्यांवर फिरवून तो जुळवीत. एक तार घट्ट केली की तिच्या समोरची बदले. म्हणून हे काम पुनःपुन्हा करावे लागे. पहिल्या उड्डाणानंतर विमान एका अंगास कलते असे वैमानिकाने सांगितले, तर पुन्हा त्याच तारांशी आरंभ होई.

या सर्व कामांवर तपासनिसांची देखरेख असे. १९१३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये विमान-तपासणीचे जे स्वतंत्र संचालनालय स्थापन झाले, त्याच्या पद्धतीनुसार सामग्रीच्या प्रत्येक खेपेवर आणि प्रत्येक महत्त्वाच्या भागावर शिक्का उमटे, आणि कापडाने झाकण्यापूर्वी पंखाचा सांगाडा पाहून घेतला जाई. हातकाम आणि आधुनिक उद्योग यांचा खरा सांधा येथे दिसतो. मध्ययुगीन कारागिराच्या मालाची हमी त्याच्या नावाने मिळे. स्टॅग लेनच्या सुताराचे नाव कोठेच येत नाही, त्याच्या कामाची हमी तपासनिसाचा क्रमांक देतो. कौशल्य हातात राहिले, पण त्याची मान्यता कागदाकडे गेली.

७. संख्यावाढ आणि हातकाम

येथे असा आक्षेप संभवतो की, हे चित्र थोड्या विमानांपुरते खरे असेल. संख्या वाढली की हात मागे पडलाच असणार. या आक्षेपाचे उत्तर ‘टायगर मॉथ’च्या इतिहासात मिळते. २६ ऑक्टोबर १९३१ रोजी स्टॅग लेन येथे प्रथम उडालेले हे विमान मॉथचेच लष्करी शिक्षणासाठी केलेले रूपांतर होय. पुढील आसनावरील माणसाला हवाई छत्रीसह सहज बाहेर पडता यावे, म्हणून वरचा पंख पुढे सरकवावा लागला, आणि बिघडलेला तोल सावरण्यासाठी पंखांची टोके मागे ओढावी लागली. हा फेरफार कागदी आराखड्यापेक्षा एका लहान शाळेत प्रत्यक्ष विमानावर करून, पाहून, पुन्हा बदलून सिद्ध झाला. विमानाची पेटी आता जोडलेल्या पोलादी नळ्यांची असली, तरी पंख लाकडाचे व कापडाचेच राहिले.

लंडन शहर वाढत जाऊन स्टॅग लेनला वेढू लागले, तेव्हा कंपनीने हॅटफील्ड येथे स्थलांतर केले. १९३४ साली जुने विमानतळ बंद झाले. दुसऱ्या महायुद्धात हॅटफील्डचा कारखाना ‘मॉस्किटो’ या विमानासाठी मोकळा करावयाचा असल्याने टायगर मॉथचे काम ऑक्सफर्डजवळील कौली येथे मॉरिस मोटर्सकडे सोपविण्यात आले. साखळीवर मोटारी काढणाऱ्या या कारखान्याने तीन हजारांहून अधिक टायगर मॉथ बांधले. ऑस्ट्रेलिया, कॅनडा इत्यादी देश मिळून एकूण संख्या आठ हजारांच्या वर गेली. मात्र मोटार-कारखान्यातही फासळी साच्यावरच चिकटविली गेली आणि कापड सुईनेच शिवले गेले. वाढले ते साचे, माणसे आणि पाळ्या.

अमेरिकेतील अनुभवही याच दिशेचा आहे. पेन्सिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथील कारखाना १९३७ साली आगीत जळाल्यानंतर विल्यम पायपरने लॉक हेवन येथील एका जुन्या रेशीमगिरणीत आपला उद्योग हलविला. तेथे १९३८ ते १९४७ या काळात ‘जे–३ कब’ जातीची सुमारे २०,००० विमाने निघाली. संख्येच्या दृष्टीने हे खरोखर विशाल उत्पादन होय. पण कबची पेटी म्हणजे साच्यात धरून हाताने झाळलेल्या पोलादी नळ्या, आणि तिच्यावरचे आवरण शिवून लेप दिलेले कापड. यावरून एवढा निष्कर्ष निघतो की, हलक्या विमानाच्या बाबतीत विशाल उत्पादन आणि हस्तोत्पादन यांत अनिवार्य विरोध नव्हता. यंत्रे उभारण्याचा खर्च विमानांच्या मर्यादित संख्येवर वाटून घेणे परवडत नव्हते, आणि लाकूड व कापड यांची प्रकृती यंत्राला अनुकूल नव्हती. या दोन कारणांनी हात टिकला; केवळ परंपराप्रेमाने नव्हे.

८. कारखान्याबाहेर : दुरुस्ती आणि हिंदुस्थान

हाताने घडलेली वस्तू हाताने दुरुस्त होऊ शकते, हा या पद्धतीचा सर्वांत दूरगामी परिणाम होय. ॲमी जॉन्सन ही स्टॅग लेन येथील लंडन विमान-मंडळात उड्डाण शिकली, आणि तेथेच यंत्रज्ञांबरोबर काम करून १९२९ साली तिने विमान-यंत्रज्ञाचा परवाना मिळविला. मे १९३० मध्ये जुन्या जिप्सी मॉथमधून ती एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास गेली. वाटेत झाशी येथे उतरताना तिच्या विमानाचा पंख मोडला व तो तेथेच दुरुस्त करण्यात आला. पुढे रंगूनजवळ इन्सीन येथे विमान एका मैदानाच्या कडेच्या खड्ड्यात गेले. तेथील सरकारी तंत्रशाळेतील शिक्षक व विद्यार्थी यांनी मोडका पंख नवे लाकूड व कापड घालून नीट केला, आणि बरोबर आणलेला जादा प्रोपेलर चढविण्यात आला. इन्सीनच्या त्या विद्यार्थ्यांनी मॉथचा कारखाना पाहिला नव्हता. परंतु सुतारकाम आणि शिवणकाम त्यांना ठाऊक होते, आणि विमान त्याच भाषेत बांधलेले होते. हे विमान पुढे लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ठेवण्यात आले.

हिंदुस्थानातील नागरी उड्डाणाचा आरंभ याच विमानांवर झाला, हा योगायोग नव्हे. १९२८ साली जुहू येथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. तेथे मॉथवर शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी वैमानिकाचा परवाना मिळविला. १९३० साली हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील एकट्याच्या उड्डाणासाठी आगाखानांनी ठेवलेल्या पारितोषिकासाठी टाटा, मनमोहन सिंग आणि अस्पी इंजिनिअर हे तिघेही जिप्सी मॉथमधूनच निघाले. पारितोषिक अस्पी इंजिनिअर यांना मिळाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले ते ‘पस मॉथ’ या बंदिस्त विमानातून, आणि तेही स्टॅग लेनचेच. जेथे विमानाचा कारखाना नव्हता, तेथे दुरुस्तीयोग्य विमान हीच उड्डाणाची पहिली अट होती.

तथापि उष्ण व दमट हवेत या रचनेची मर्यादाही लवकर उघडी पडली. लाकूड फुगे व आक्रसे, सरस कुजे, कापड उन्हाने जीर्ण होई. परदेशांतील अशा अनुभवांमुळेच कंपनीने १९२८ पासून पोलादी नळ्यांच्या पेटीची मॉथ बांधण्यास आरंभ केला. म्हणजे लाकडाकडून धातूकडे झालेल्या संक्रमणामागे इंग्लंडमधील मजुरीचा प्रश्न जितका होता, तितकाच दूरदेशीच्या हवेचा होता.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने व म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळविलेले विष्णु माधव घाटगे हे तेथे आरेखनप्रमुख झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आखलेले ‘एच. टी.–२’ हे शिक्षणविमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले, आणि भारतीय वायुसेनेत त्याने टायगर मॉथची जागा घेतली. ते संपूर्ण धातूचे होते. येथे सुताराचे स्थान रिव्हेट ठोकणाऱ्याने घेतले. हात गेला नाही, त्याचे हत्यार बदलले. १९५८ साली त्याच कारखान्याने विमान-मंडळांसाठी काढलेल्या ‘पुष्पक’मध्ये तर कापडाचे आवरण पुन्हा आले. यावरून तंत्राचा इतिहास एकाच दिशेने वाहतो, हे गृहीतक तपासून घ्यावे लागते.

९. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मॉथची स्वस्ताई यांत्रिक उत्पादनातून आलेली नसून, युद्धातील उरलेली इंजिने, शासनाचे अनुदान आणि रचनेतील काटकसर यांतून आलेली आहे. ‘आकाशातील फोर्ड’ ही उपमा म्हणून त्याज्य ठरते. दुसरी, कारखान्यातील हातकाम म्हणजे जुन्या कारागिरीचा अवशेष नव्हे. साचा, तपासणी आणि श्रमविभागणी यांनी बांधलेले ते हातकाम होते. त्यात कामगाराकडे कौशल्य होते, पण आकृतीवर अधिकार नव्हता आणि वस्तूवर नाव नव्हते. तिसरी, या कौशल्याचा मोठा भाग आराखड्यात उतरलेला नव्हता. सरस कितपत दाट असावा, कापड कितपत ताठ व्हावे, तार कोठे थांबवावी, हे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात होते.

यातील तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व काळाच्या ओघात वाढलेले आहे. जी टायगर मॉथ विमाने अद्याप उडतात, त्यांच्या जीर्णोद्धारात केसीनऐवजी कृत्रिम राळेचे सरस आणि अळशीच्या कापडाऐवजी अनेकदा पॉलिएस्टर वापरले जाते. भारतीय वायुसेनेने आपले एक टायगर मॉथ पुन्हा उड्डाणयोग्य करून २०१२ च्या वायुसेनादिनी हिंडन येथे उडविले, तेव्हा त्याच्या जीर्णोद्धाराचे काम इंग्लंडमध्ये करून घ्यावे लागले. ज्या देशाच्या मंडळांनी एकेकाळी ही विमाने आपल्या सुतारांकडून व शिंप्यांकडून उभी करून घेतली, त्याच देशाला तीच विद्या बाहेरून आणावी लागली. आराखडे जपले की तंत्र जपले गेले, असे मानणाऱ्या इतिहासकाराने या घटनेचा विचार केला पाहिजे. संग्रहालयात विमान राहते, दप्तरखान्यात रेखाचित्रे राहतात. परंतु फासळीवर मारलेली गाठ ही, ती मारणारा हात दुसऱ्या हाताला शिकवील तोवरच राहते. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात यंत्रांच्या सूचीबरोबरच अशा हातांच्या परंपरेची नोंद होणे म्हणूनच अगत्याचे आहे.